ईस्टर आयलंडला जाताना विमान बदललं, घाबरायचं का?

प्रश्न: आम्ही दोघं निवृत्त, डिसेंबरात चिलीच्या ईस्टर आयलंड बेटावर निघालोय. मुंबई ते चिलीची राजधानी सँटियागो एक तिकीट, बेटाचं मुलाने वेगळं काढलंय. मध्ये अडीच तास आहेत. आता मेल आलाय की पहिल्या टप्प्यावर ट्रिपल सेव्हनऐवजी (बोइंग ७७७) ड्रीमलायनर (बोइंग ७८७) येणार. एवढ्या समुद्रावरून दोनच इंजिनं, म्हणून ह्यांनी धास्ती घेतलीय. काय करू?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: ह्यांना सांगा, ट्रिपल सेव्हनलाही दोनच इंजिनं असतात! पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला अशीच वाट धरावी लागे, की एक बंद पडलं तरी तासाभरात कुठेतरी उतरता येईल. १९८५ मध्ये ही मर्यादा दोन तासांवर गेली. ड्रीमलायनरला तर २०१४ मध्ये अमेरिकेत उतरण्याच्या जागेपासून ३३० मिनिटांपर्यंत दूर उडायची परवानगी मिळाली. तेव्हा इंजिनांची काळजी सोडा.

जागा मात्र आजच तपासा. विमान बदललं की आधी निवडलेल्या जागा पुष्कळदा जातात, आणि ड्रीमलायनरमध्ये बहुधा तीन-तीन-तीन अशी रांग असते. म्हणजे तुमच्या दोघांशेजारी तिसरं कोणीतरी येणार.

मला खरी भीती वाटते ती त्या अडीच तासांची. तिकिटं वेगळी असली की पहिलं विमान उशिरा आलं तरी दुसरी कंपनी हात वर करते. त्यात सँटियागोला इमिग्रेशन, मग सामान ताब्यात घेणं, मग कस्टम. चिली शेतीच्या बाबतीत फार कडक आहे: आपले बेदाणे, डिंकाचे लाडू, मध, जे काही वनस्पती-प्राण्यांपासूनचं असेल ते फॉर्मवर लिहाच. लपवलेलं सापडलं तर दंड. एवढं आटोपून पुन्हा चेक-इन! बेट तिथून सुमारे ३,७०० किलोमीटर, साडेपाच तासांवर. तिथे धावपट्टी एकच, विमानं मोजकी. पुण्याची शिवशाही चुकली तर मागची पकडू, असा हा मामला नाही.

मुलाला बेटाचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं करायला सांगा. बदलाचे पैसे लागतील, लागू देत. सँटियागोत एक रात्र झोपा. परतीलाही मुंबईच्या विमानाच्या आदल्या दिवशीच बेट सोडा.

आणि हो, बेटावर जाण्याआधी ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. परतीचं तिकीट आणि नोंदणीकृत मुक्कामाचं बुकिंग दाखवावं लागतं. दोन्हींचे कागद छापून हातातल्या पिशवीत ठेवा.