‘पडेल’ आणि ‘पडावा’

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. समजूत, इच्छा यांना तत्त्वज्ञानात ‘मनाचा विधानाशी संबंध’ म्हणतात, त्या शब्दांपाशीच गाडी अडते, असं लिहिलंयस. व्याख्या जरा बाजूला ठेव. ‘पाऊस पडेल असं वाटतं’ आणि ‘पाऊस पडावा असं वाटतं’, ही दोन वाक्यं घे. ‘वाटतं’ तेच, पाऊसही तोच. तरी पहिली समजूत आहे, दुसरी इच्छा. विधान, म्हणजे पाऊस पडण्याचा मजकूर, एकच, पण मन त्याच्याशी दोन तऱ्हांनी जोडलेलं. मराठी हा फरक ‘पडेल’-‘पडावा’ या रूपांतच मुरवते, इंग्रजीत तो बहुधा बाहेरच्या क्रियापदावर असतो. इंग्रजी पुस्तकं वाचताना अडखळायला होतं ते यामुळेही असेल.

परवा मला किल्ली सापडेना. खणातच आहे अशी खात्री होती. खण ओढला, कागद सारले, बोटांना नुसता लाकडी तळ लागला. समजूत तिथल्या तिथे गेली. ती सोडायचं ठरवावंही लागलं नाही. किल्ली मिळावी ही इच्छा मात्र तशीच राहिली, आणि तिनंच हात कोटाच्या खिशाकडे नेला. जगाशी मेळ बसला नाही तर समजूत बदलायची. इच्छा असेल तर जग बदलायला निघायचं. तत्त्वज्ञ एलिझाबेथ अ‍ॅन्सकमनं १९५७ मध्ये हे दोन याद्यांवरून दाखवलं. एक माणूस यादी घेऊन खरेदीला निघालाय, मागावरचा गुप्तहेर तो काय काय घेतो ते टिपतोय. याद्या शब्दशः सारख्या असू शकतात. पण यादी आणि खरेदी जुळली नाही, तर गिऱ्हाइकाची चूक खरेदीत असते, गुप्तहेराची यादीत. हे उदाहरण घोकू नकोस, स्वतःच्या दिवसात शोध.

खरी गोडी पुढेच आहे. पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा, दोन्ही शुक्रच. ज्याला हे ठाऊक नाही तो एकाला शुक्र मानेल, दुसऱ्याला मानणार नाही, आणि तरी त्याच्या विचारात विसंगती नसेल. जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेनं १८९२ मध्ये वस्तू आणि ती आपल्यापुढे येण्याची तऱ्हा वेगळी काढली ती अशाच कोड्यांपायी. म्हणून दुसऱ्याची समजूत सांगताना त्याच्या शब्दांच्या जागी आपले शब्द घालू नयेत.

एक गोष्ट मात्र इतक्यात मान्य करू नकोस: प्रत्येक इच्छेच्या पोटात विधान असतंच, ही. ‘मला पुस्तक हवंय’ याचं ‘पुस्तक माझ्याकडे असावं’ असं करता येतं. आता ‘मला आईची आठवण येते’ ही ओढ तशी उलगडून बघ. मी पाहिलं, तेव्हा दर वेळी विधान हाती आलं आणि आई निसटली. तुझं काय होतं ते कळव.