स्क्रॅबलपासून सुरुवात करू नकोस

मालवणात पोरांसाठी इंग्रजी बोलायचा गट काढतेयस, ऐकून फार बरं वाटलं. फक्त पहिल्याच दिवशी स्क्रॅबल, म्हणजे अक्षरं जोडून शब्द करायचा खेळ, काढू नकोस. स्पेलिंग पक्कं होतं, पण तोंड बंदच राहतं.

'गेस हू' आण. 1979 सालचा खेळ, प्रत्येकापुढे 24 चेहरे. समोरच्याने त्यातला गुपचूप घेतलेला एक चेहरा हो-नाही अशा प्रश्नांनी ओळखायचा. "डझ शी वेअर ग्लासेस?" हा एकच साचा पोरं तासाभरात कितीदा तरी म्हणतात. दोन-चार डावांनंतर सगळं लक्ष जिंकण्याकडे लागतं आणि भीड आपोआप चेपते. एखादी "शी हॅव हॅट?" म्हणाली, तर डाव थांबवून व्याकरण शिकवू नकोस. "यस, शी हॅज अ हॅट," एवढंच उत्तर दे. पुढच्या वेळी ती बहुतेक स्वतःच सुधारते.

थोडं रुळल्यावर 'टॅबू'. कार्डावरचे पाच बंदी शब्द टाळून मूळ शब्द समजवायचा. ही कार्डं मात्र घरीच कर. सोलकढी समजवायची, पण कोकम, नारळ, गुलाबी, पिणे, भात हे इंग्रजीतून म्हणायचं नाही! तारकर्लीच्या होमस्टेत पाहुणे नेमकं हेच विचारतात, आणि पोरं तिथेच अडखळतात.

पावसात मासेमारी बंद असते, तेव्हा मोठ्यांनाही बसव. एका पटाभोवती चारच जण, दोन-दोनच्या जोड्या. लाजऱ्या पोराला जोडीदाराच्या कानात आधी वाक्य म्हणून बघता येतं.