आठ-नऊ वर्षांच्या मुलांना गोष्टीतून धंद्याचं गणित कसं शिकवावं?

'कथासरित्सागरा'तली उंदीरशेठची गोष्ट घ्या. मेलेला उंदीर, तोही उधारीचा! मुलगा तो मांजरासाठी विकून दोन ओंजळी चणे मिळवतो, ते दळून पाण्याबरोबर लाकूडतोड्यांना देतो; प्रत्येकाकडून दोन लाकडं येतात. पुढे पावसाने लाकडाची टंचाई होते, तेव्हा साठा विकतो.

सलग वाचू नका. प्रत्येक देवघेवीला थांबून वहीत तीन रकाने भरायला लावा: काय दिलं, काय आलं, काय उरलं.

मग दहा ग्लास सरबत विकू द्या. लिंबं पाच, साखर पाव किलो, शिवाय बर्फ आणि कागदी ग्लास. इथेच घोळ होतो: सामान घरातलं फुकट, म्हणून सगळी विक्री नफाच वाटते. सामानाचे पैसे उधार लिहा, आधी तेच फेडून घ्या.