अमेरिकेतल्या मॉलमध्ये धार्मिक पत्रके वाटण्यास मालक मनाई करू शकतो का?

होय, बहुतेक राज्यांत मॉलचा मालक अशी मनाई करू शकतो, कारण अभिव्यक्तीचे व धर्माचे स्वातंत्र्य जपणारी अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सरकारला बांधून ठेवते, खासगी मालकाला नव्हे. याविरुद्ध १९४६ च्या ‘मार्श विरुद्ध अलाबामा’ या निकालाचा दाखला हटकून दिला जातो. पण त्यातली चिकासॉ ही जागा मॉल नव्हती, तर जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचे अख्खे गाव होते, आणि तिथे टपाल कार्यालयाजवळच्या पदपथावर ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची पत्रके वाटणाऱ्या ग्रेस मार्श यांना झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने, कंपनीच इथे नगरपालिकेच्या जागी उभी आहे हे ओळखून, रद्द केली. हाच न्याय १९६८ मध्ये न्यायालयाने एका शॉपिंग सेंटरला लावून पाहिला खरा, पण १९७२ च्या ‘लॉइड विरुद्ध टॅनर’ निकालात हात आखडता घेतला आणि १९७६ मध्ये ‘हजन्स’ खटल्यात ती वाट बंदच केली. अपवाद राज्यांच्या स्वतःच्या राज्यघटनांचा आहे: कॅलिफोर्नियात एका मॉलच्या चौकात टेबल मांडून सह्या गोळा करणाऱ्या शाळकरी मुलांच्या बाजूने राज्याच्या न्यायालयाने दिलेला निकाल १९८० मध्ये ‘प्रूनयार्ड’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला, आणि न्यू जर्सीतही १९९४ पासून मोठ्या प्रादेशिक मॉलमध्ये सामाजिक व राजकीय प्रश्नांवरची पत्रके वाटू द्यावी लागतात. तिथेही वेळ, जागा आणि पद्धत यांबाबत वाजवी अटी मालक घालू शकतो.