ईसीएमचा पंधरा दिवसांचा क्लास लावू का?

ताई, नमस्कार.

मुलगा दहावीला ६२ टक्के मिळवून पास झाला, हडपसरला मामाच्या गॅरेजमध्ये दिवसभर रमतो. आता गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, बदलून रिप्रोग्राम करायला (त्यात सॉफ्टवेअर भरायला) पंधरा दिवसांत शिकवणाऱ्या क्लाससाठी ४० हजार मागतोय, भरावेत का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता भरू नका. त्याची आवड खरी आहे आणि या कामाला मागणीही आहे, म्हणूनच सांगते.

गेल्या पावसाळ्यात माझी गाडी अधूनमधून बंद पडायची. एका वर्कशॉपने स्कॅनर लावून सांगितलं, ईसीएम गेलाय, नवा टाका. नाना पेठेत, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या बाजारात, चौकशीला गेले, तर तिथल्या एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनने आधी बॉनेट उघडायला लावलं. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि मला म्हणाले, "स्टार्टर मारा." तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दीड व्होल्ट दिसला! अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनाला आणि बॉडीला जोडणाऱ्या वायरीचा लग (टोकाची धातूची कडी) काढला, तर खाली हिरवट बुरा साचलेला. सँडपेपरने घासून नट आवळला; गाडी आजतागायत बंद पडलेली नाही.

तुमच्या मुलाने शिकायचं ते हे. अनेक सेन्सरना ईसीएमकडूनच ५ व्होल्ट जातात. एका सेन्सरची वायर घासून शॉर्ट झाली, की तीन-चार सेन्सरचे बिघाडाचे कोड स्कॅनरवर एकदम येतात आणि नवशिका ईसीएमवर खापर फोडतो. सप्लाय, अर्थ, वायरिंग आणि कनेक्टरच्या पिना तपासूनच ईसीएम बाद ठरवायचा.

बदलायची वेळ आलीच तर जुन्याचा पार्ट नंबर जुळवायचा, शक्य असेल तर त्यातला डेटा आधी उतरवून घ्यायचा. नव्यात त्याच मॉडेलचं सॉफ्टवेअर आणि १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर भरायचा. इमोबिलायझरशी, म्हणजे गाडीच्या चोरीविरोधी यंत्रणेशी, चाव्या जुळल्या नाहीत तर इंजिन सुरूच होत नाही. कॉमन रेल डिझेल (इंजेक्टर ईसीएमच्या हुकमावर चालणारं इंजिन) असेल तर बऱ्याच गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोडही टाकावा लागतो. फ्लॅशिंग, म्हणजे सॉफ्टवेअर भरणं, चालू असताना बॅटरी बसली तर नवाकोरा ईसीएम निकामी होऊ शकतो, म्हणून स्थिर व्होल्टेजचा सपोर्ट चार्जर लावूनच बसतात. लॅपटॉपवरची बटणं पंधरा दिवसांत येतील. पण ईसीएम बिघडला तर ग्राहकाची भरपाई मामालाच करावी लागेल.

दहावीवर आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. ऑनलाइन फॉर्ममध्ये औंधचं शासकीय आयटीआय वर ठेवा. त्यानंतर चाकण-पिंपरीकडे किंवा एखाद्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला अप्रेंटिसशिप करू दे. पुढे वाटलं तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाचाही मार्ग आहे. प्रोग्रामिंगचा क्लास मग लावा, तेव्हा त्याचे पैसे वसूल होतील. मात्र ईजीआर (धुराचं प्रदूषण कमी करणारी यंत्रणा) बंद करणं किंवा किलोमीटर मागे फिरवणं शिकवणाऱ्या क्लासच्या पायरीवरही त्याला पाठवू नका. तो गुन्ह्याचा रस्ता आहे.

तूर्त त्याला एक चांगला मल्टिमीटर घेऊन द्या. मामाकडे येणाऱ्या दहा गाड्यांचा अर्थ, मी वर सांगितला तसा, मोजून वहीत लिहू दे. काय आकडे आले ते त्यालाच मला कळवायला सांगा.