एफडी मोडून इराणला जाऊ का?

कॅम्पातल्या इराणी हॉटेलात बाबांसोबत बनमस्का खाताना गल्ल्यावरच्या काकांनी यझदच्या बादगिरांची, म्हणजे वारा घरात ओढून घेणाऱ्या बुरुजांची, गोष्ट सांगितली होती. ती अजून डोक्यातून गेलेली नाही, असं तुम्ही लिहिलंय. आता वय ३४. तीन लाखांची एफडी मोडून, महिनाभर बिनपगारी रजा घेऊन काशान, इस्फहान, यझद, शिराझ करायचं. लोकांच्या घरी राहिलं की दीड लाखात भागेल, असा तुमचा हिशेब.

जावं असंच मला वाटतं. पण यंदा नाही, आणि ही एफडी सगळी मोडून तर नाहीच.

घरखर्च महिना ३२ हजार, आई तुमच्यावर अवलंबून. सहा महिन्यांचे १ लाख ९२ हजार हात न लावता ठेवायचे. उरले १ लाख ८ हजार. उलट रजेच्या महिन्यात घरखर्च आणि ८ हजारांची एसआयपी चालूच राहणार, ते ४० हजार तुम्ही धरलेच नाहीत. खरा खर्च १ लाख ९० हजार, म्हणजे ८२ हजार कमी. सात हजारांची आरडी वर्षभर चालवली तर ते जमतात. एसआयपी थांबवू नका.

आता इराणचं वेगळेपण. निर्बंधांमुळे आपली व्हिसा-मास्टरकार्डची कार्डं तिथे चालत नाहीत, अडचणीत घरून पैसे मागवणंही अवघड. सगळं रोख न्यावं लागतं. एरवी बहुतेक देशांसाठी ३,००० डॉलरपर्यंतच नोटा मिळतात, पण रिझर्व्ह बँकेच्या नियमांत इराणला यातून सूट आहे. तेव्हा राखीव ४०० डॉलर वेगळ्या कप्प्यात, अंगावर. हे दीड लाखातच बसवा. भाव तोमानमध्ये सांगतात, नोटेवर रियाल असतो. एक तोमान म्हणजे दहा रियाल. पहिल्या दिवशी इथेच गफलत होते.

घरी राहणं फुकट पडतं, हेही खरं नाही. तिथे ‘तारोफ’ असतो: टॅक्सीवालाही पैसे घेताना आधी ‘काबेली नदारे’, म्हणजे ‘त्याचं काय एवढं’, म्हणतो. दोन-तीनदा आग्रह करून द्यायचेच असतात. यजमानाने पैसे नाकारले तर त्याच्या घराला शोभेल अशी भेट हवी. त्यासाठी १० हजार धरा; कोकणातले काजू न्या. चार-पाच रात्री ‘बूमगर्दी’त, म्हणजे जुन्या वाड्यांतल्या पाहुणघरांत, काढायची सोयही ठेवा. एकटीने जाताना ‘आज इथून निघते’ म्हणण्याइतके पैसे खिशात हवेत.

सगळ्यात मोठी जोखीम पैशाची नाहीच. जून २०२५ च्या इस्रायल-इराण युद्धात इराणची हवाई हद्द बंद झाली, ‘ऑपरेशन सिंधू’ राबवून आपली माणसं बाहेर काढावी लागली. बहुतेक प्रवास विम्यांत युद्धाचं नुकसान धरलेलंच नसतं. भारतीयांना दिलेली व्हिसामाफीही २२ नोव्हेंबर २०२५ पासून बंद आहे. म्हणून परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचून, व्हिसा हातात आल्यावरच तिकीट काढा, तेही रद्द करता येणारं. तोवर १ लाख ८ हजारांची छोट्या मुदतीची वेगळी एफडी करा आणि आरडी पुढच्या पगारापासून सुरू करा.