अल्जिनेटचे मणी करताना

औषध आत धरून ठेवणारे जेलचे मणी करायचे तर सोडियम अल्जिनेटची (समुद्री शेवाळातून मिळणारा पदार्थ) पावडर पाण्यात एकदम ओतू नकोस, गुठळ्या होतात. ढवळत्या पाण्यात चिमटी-चिमटीने भुरभुरव. २ टक्के द्रावण सुरुवातीला पुरे. ते रात्रभर झाकून ठेव, बुडबुडे निघून जातील. मग औषध मिसळलेल्या या द्रावणाचे थेंब सुईतून कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोड, कॅल्शियममुळे ते घट्ट होऊन मणी बनतात. मण्यांना शेपट्या आल्या तर सुईची उंची बदलून बघ.

खरी डोकेदुखी पुढेच आहे. औषध पाण्यात विरघळणारं असेल तर मणी घट्ट होत असतानाच ते बाहेर झिरपतं. म्हणून मणी काढल्यावर उरलेलं कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण फेकू नकोस (सगळे फेकतात!), त्यातलं औषध मोज. गळती जास्त असेल तर कायटोसानचा (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) थर देऊन बघ. आणि फॉस्फेट बफरमध्ये (pH स्थिर ठेवणारं फॉस्फेटचं द्रावण) मणी फुगून विरघळले तर घाबरू नकोस, फॉस्फेट मण्यांना बांधून ठेवणारं कॅल्शियम ओढून घेतं.